गच्चीवर न चढलेला उस्ता

यावर नावाच्या उस्ताने बत्तीस वर्षांत एकही बुखारी गच्चीवर चढल्याशिवाय घरमालकाच्या हवाली केली नव्हती. त्या दिवशी केली, आणि तीसुद्धा कुणाच्या घरी, तर नुस्रत मास्तरांच्या.

बुखारी म्हणजे खोली तापवणारी गॅसची शेगडी, आणि ती बसवणारे कारागीर, म्हणजे उस्ते, आमच्या अर्दबीलमध्ये पन्नास तरी असतील. सवलान डोंगराच्या माथ्यावर बर्फ दिसायला लागलं की सगळ्यांचे फोन खणखणतात. हे लोक काय करतात ते मी पाहिलेलं आहे. उन्हाळाभर अडगळीत टाकलेली बुखारी ओढून आणतात, गॅसची नळी जोडतात, साबणाचा फेस लावून गळती बघतात, धुराची नळी भिंतीतल्या भोकात खुपसतात, चहा पितात आणि पुढच्या घरी पळतात. यावर हे सगळं करून वर गच्चीवर जायचा. धुराड्यावरची पत्र्याची टोपी उचलायची, आत डोळा घालून बघायचं, खालच्याला हाक मारून बुखारी पेटवायला लावायची आणि हाताची मागची बाजू धुराड्याच्या तोंडावर धरून उभं राहायचं. हाताला ऊब आणि ओल लागली की मगच खाली. एवढ्यावरही गडी हलायचा नाही. दारं-खिडक्या लावून घेऊन त्या खोलीत अर्धा तास मांडी घालून बसायचा. बायका म्हणायच्या, "यावरला बोलावलंयस ना, मग जेवणाचंही बघून ठेव." त्याचं नावच पडलं होतं गच्चीवाला.

थट्टा करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं की त्याची थोरली बहीण सनम लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, नव्या घरात, नव्या बुखारीपाशी झोपली ती उठली नाही. तिची बुखारी ज्याने बसवली होती त्याने वर जाऊन पाहिलं नव्हतं. धुराड्यात पाकोळीचं घरटं होतं. यावर तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी त्याने हाच धंदा धरला.

आता त्या दिवशीचं सांगतो.

आबान महिना होता, हिवाळ्याच्या तोंडचा. आदल्या दिवशी पहिलं बर्फ पडून गेलं होतं. सकाळी नवाच्या सुमारास यावर नुस्रत मास्तरांच्या अंगणात शिरला. मास्तरांनी त्याला चौथीत शिकवलेलं. यावर आता बावन्न वर्षांचा, मिशा पांढऱ्या झालेल्या, तरी मास्तरांसमोर आला की हात आपोआप पोटावर बांधले जायचे. मास्तरांची बायको गुलाबतून खानम यंदाच्या उन्हाळ्यात वारली. मुलगी तेहरानला. घरात मास्तर एकटे.

खोलीत शिरल्याबरोबर यावरचं लक्ष खिडक्यांकडे गेलं. मास्तरांनी दोन्ही खिडक्यांना प्लॅस्टिक लावलं होतं, आणि ते कसं, तर वर्गातला नकाशा चिकटवावा तसं. चारी कडांना चिकटपट्टीचे तीन-तीन थर. दाराखालच्या फटीतही कापड ठासलेलं.

"मास्तर, हे कुणी केलं?"

"मीच. दरवर्षी ती करायची. यंदा म्हटलं, आपण जमवू. जमलंय ना?"

"जमलंय हो. पण दाराखालची फट मोकळी ठेवा. बुखारीलाही श्वास लागतो."

"तुझा शब्द माझ्या डोळ्यांवर," मास्तर म्हणाले.

हे 'डोळ्यांवर', म्हणजे नक्की ऐकतो, आम्ही दिवसातून शंभरदा म्हणतो. त्यातल्या नव्वद वेळा ऐकलेलं तिथेच सोडून देतो.

बुखारी जोडून झाली. फेस लावून झाला, बुडबुडा नाही. यावरने ती पेटवली, वरच्या झडपेपाशी जळती काडी धरली. धुराडं ओढत असलं की काडीची ज्योत आत वाकते. ही ज्योत सरळ उभी राहिली. यावरने दुसरी काडी ओढली. ती जराशी हलली, की त्याचाच श्वास लागला, कळलं नाही. नळी थंडगार आहे, बर्फाचे दिवस, तापली की ओढेल, असं तो मनाशी म्हणाला. असं होतंही. तरी तो सवयीने उठला आणि शिडीकडे वळला, आणि नेमका गुडघा कटकन वाजला. मागच्या हिवाळ्यात तो शिडीवरून घसरला होता, तेव्हापासून उजवा गुडघा त्याचा राहिला नव्हता.

मास्तरांनी तो आवाज ऐकला. "कुठे निघालास?"

"वर. एक नजर टाकून येतो."

"या बर्फात? या पायाने? माझ्या घरात तू पडलास तर मी तुझ्या बायकोला, फिरंगीजला, काय तोंड दाखवू?"

"दोन मिनिटांचं काम आहे, मास्तर."

"यावर, शपथ आहे माझी. बस. तुझ्यावरून ओवाळून टाकीन स्वतःला, पण तुला वर जाऊ द्यायचा नाही. चहा गार होतोय."

बाहेरचा कुणी असता तर यावरने त्याला बाजूला सारून शिडी धरली असती. पण मास्तरांनी शपथ घातली. आमच्याकडे पाहुण्याने यजमानाचा शब्द मोडायचा नसतो, आणि शिष्याने गुरूचा तर नाहीच नाही. यावरने अंगणात जाऊन मान वर करून पाहिलं. टोपी सरळ होती, तुटलेली-वाकलेली नव्हती. तो आत येऊन बसला. साखरेचा खडा दातात धरून त्याने चहा घेतला. मास्तर हातावर हात चोळत म्हणाले, "माझं ते तपकिरी लोकरीचं बिनबाह्यांचं जाकीट कुठे ठेवलंय कुणास ठाऊक. सगळं घर पालथं घातलं. नवरोजच्या साफसफाईत तिने कुणाला तरी देऊन टाकलं असेल. दोन दिवस भांडलो होतो मी तिच्याशी त्यावरून. कबूलच झाली नाही."

"आता कसं वाटतंय, मास्तर? तुम्हाला एकट्याला?"

"देवाचे उपकार. अगदी छान," मास्तर हसून म्हणाले.

यावर अर्धा तास बसणार होता, पण फोन वाजला. मेस्मा खालाचा, म्हणजे मेस्मा मावशीचा; तिचीही बुखारी आजच बसवायची होती. 'चुलीपाशी बसून माझी हाडं गोठली आणि तू कुठे मरतोयस,' असं ती विचारत होती. दहा मिनिटांतच तो उठला. मास्तर फाटकापर्यंत पोचवायला आले. "हात दुखू नयेत तुझे," असे आभार मानत म्हणाले.

यावर निघाला तेव्हा दहा वाजले होते. चालताना त्याला आत काहीतरी टोचत होतं. हत्यारांची पिशवी दोनदा उघडून पाहिली, पाना आहे, पक्कड आहे, टेप आहे. काय विसरलं ते काही आठवेना.

मेस्मा खाला ऐंशीची, जीभ मात्र पंचविशीतली. वाटेत दोन ठिकाणी अडकून यावर तिच्याकडे पोचला तेव्हा साडेबारा होत आले होते. तिने दारातच तोंड सुरू केलं. "आलास का रे नवरदेवा? मला वाटलं ईदलाच येतोस."

"खाला, आधी बुखारी दाखव, मग शिव्या दे."

"बुखारी तिथेच आहे, तुझ्या बापाने ठेवली तिथे. आणि हे बघ, वरचं तोंड उघडून ठेवलंय हो. बोळा हा इथे." तिने अंगणातल्या बादलीकडे बोट केलं. बादलीत चिंध्यांचं काजळलेलं गाठोडं पडलं होतं.

यावर त्या गाठोड्याकडे बघतच राहिला.

नवरोजच्या, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाच्या, साफसफाईत आमच्या बायका घर उलटंपालटं करतात. बुखाऱ्या उतरवून नळ्या धुतात. मग वर जाऊन धुराड्याच्या तोंडात चिंध्यांचा बोळा ठासतात आणि टोपी परत बसवतात, म्हणजे उन्हाळाभर पाकोळ्या घरटी करत नाहीत आणि काजळी धुतल्या भिंतीवर पडत नाही. पुरुषांना यातलं काही माहीत नसतं. थंडीत उस्ता यायच्या आधी ज्या हाताने बोळा घातला तोच हात तो काढतो, आणि उस्ता अंगणात शिरला की बाई हमखास सांगते, वरचं तोंड उघडलंय हो. बत्तीस वर्षं प्रत्येक अंगणात यावरने हे ऐकलं होतं. गुलाबतून खानम तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडून सांगायची.

आज सकाळी त्या अंगणात त्याला कुणीच तसं सांगितलं नव्हतं. सांगणारी उन्हाळ्यातच गेली होती. तिने नवरोजच्या आधी घातलेला बोळा काढणार कोण?

काडीची ज्योत सरळ का उभी राहिली ते आता कळलं. अडीच तास झाले होते. बंद खोली, तीन थरांची चिकटपट्टी, दाराखाली ठासलेलं कापड.

"काय झालं रे? पांढराफटक पडलास!"

यावरने मास्तरांच्या घरचा फोन लावला. घंटा वाजत राहिली. सहा, सात, आठ. मग कुणीतरी उचलला.

"हॅलो," मास्तर म्हणाले. आवाज झोपेतून उठल्यासारखा जड.

"मास्तर, मी यावर. ऐका, डोकं दुखतंय का तुमचं?"

"अरे यावर! कसा आहेस? फिरंगीज कशी आहे? मुलं?"

"मास्तर, डोकं दुखतंय का?"

"छे छे. खोली कशी... स्वर्ग झालाय नुसता. हात दुखू नयेत तुझे."

"मळमळतंय? चक्कर येते?"

"म्हातारपण आहे, थोडं चालायचंच. तू एवढे कष्ट घेतलेस, आणि मी काय तक्रार करू?"

यावर किंचाळलाच. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांवर त्याचा आवाज चढला. "बुखारी बंद करा! आत्ता! दार उघडा आणि अंगणात जाऊन उभे राहा!"

"डोळ्यांवर," मास्तर म्हणाले आणि लगेच, श्वासही न घेता, "केली बघ बंद. तू आता बर्फातून येऊ नकोस हं. उगीच त्रास."

टेलिफोन दाराजवळच्या कोनाड्यात आणि बुखारी पलीकडच्या भिंतीला. मधे बारा फूट. मास्तर जागचे हललेही नव्हते. समोरच्याला त्रास नको म्हणून, त्याचं मन दुखावू नये म्हणून, एवढा भला माणूस मरणाच्या दारात बसून धडधडीत खोटं बोलत होता. मला आमच्या लोकांच्या या गोडव्याचा कधीकधी मनापासून संताप येतो. यावर ओरडत राहिला, "मास्तर, मास्तर!" तिकडून काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. त्याने परत फोन लावला. लाइन गुंतलेलीच लागत राहिली.

"खाला, ॲम्ब्युलन्सला फोन कर! नुस्रत मास्तर, पाणचक्कीची गल्ली. सांग, बुखारीचा धूर खोलीत कोंडलाय."

मेस्मा खाला एरवी प्रश्नावर प्रश्न विचारते, या वेळी एकही विचारला नाही. "तू पळ," म्हणाली आणि फोन उचलला.

रस्ता उताराचा. कालचं बर्फ लोकांनी तुडवून तुडवून काचेसारखं केलं होतं. टॅक्सी मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या, म्हणून यावर पळतच निघाला. पळतच म्हणायचं, कारण उजवा पाय तो नुसता ओढत होता. हलवायाच्या दुकानासमोर तो पहिल्यांदा पडला. काळा हलवा घ्यायला उभी असलेली माणसं हात द्यायला धावली, तोवर तो उठून पुढे गेला होता. एकाने मागून विचारलं, "उस्ता, कोण मेलं?"

"कुणी नाही!" यावर ओरडला. "अजून कुणी नाही!"

त्याच्या डोळ्यांसमोर सनम येत होती. तिचे गाल लालबुंद होते, आई म्हणाली होती, बघा, माझी पोर झोपलीय, किती छान रंग आलाय तिच्या तोंडावर. तो रंग कोंडलेल्या विषारी धुराचा असतो हे यावरला नंतर कळलं. बत्तीस वर्षं त्याने लोकांचं हसणं सोसलं ते हा रंग पुन्हा बघावा लागू नये म्हणून, आणि आज एका शपथेसाठी, एका चहासाठी... त्याला स्वतःची घाण वाटली. मास्तर गेले तर हत्यारांची पिशवी नदीत टाकायची, असं त्याने पळता पळता ठरवून टाकलं. पण त्याने मास्तर परत येणार नव्हते हेही त्याला कळत होतं.

गल्लीच्या तोंडाशी तो दुसऱ्यांदा पडला. तिथून अंगणाच्या फाटकापर्यंत तो भिंतीला धरून गेला. फाटकाच्या कडीची दोरी बाहेर लोंबत होती, गुलाबतून खानमने बांधलेली. ओढल्याबरोबर फाटक उघडलं. घराच्या दाराला मात्र आतून कडी. काच धुरकट, आतून पाणी ओघळत होतं.

"मास्तर!"

यावरने पिशवीतून मोठा पाना काढला आणि काचेवर घातला. आतली गरम, दमट, आंबूस हवा तोंडावर आली. श्वास रोखून त्याने हात आत घातला, मनगट कापलं ते त्याला नंतर समजलं, कडी सरकवली. दार ढकललं तर दाराखालचं कापड आडवं आलं. ते तसंच होतं, सकाळच्या जागी. त्याने खांद्याने दार रेटलं.

मास्तर फोनपाशीच पडले होते. पलीकडे बुखारीची ज्वाला निळी राहिली नव्हती, पिवळी होऊन लपलपत होती. यावरने मास्तरांच्या काखेत हात घातले आणि गुडघ्याचा विचार न करता त्यांना ओढत अंगणात, थेट बर्फावर आणलं. मग परत आत जाऊन गॅसचा नळ बंद केला आणि खिडकीवरचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं.

बाहेर येऊन त्याने मास्तरांचं डोकं मांडीवर घेतलं. गाल लाल होते. त्याने गालावर बर्फ चोळलं, छातीवर कान ठेवला. ठोका होता. "मास्तर, उठा. शपथ आहे माझी. सकाळी तुम्ही घातलीत, आता मी घालतो. उठा."

मास्तरांना एकदम उमासा आला. ते कुशीवर वळून ओकले, आणि ओकल्यावर डोळे किलकिले करून म्हणाले, "यावर... बर्फात कशाला आलास..."

यावर मोठ्याने रडायला लागला. बावन्न वर्षांचा माणूस, गल्लीतली माणसं फाटकात उभी, त्याला कुणाची लाज वाटली नाही.

ॲम्ब्युलन्स आली. बरोबरच्या तरुण बाईने मास्तरांच्या तोंडाला प्राणवायूचा मुखवटा लावला आणि विचारलं, "आजोबा, कसं वाटतंय?" मास्तरांनी मुखवटा बाजूला करून सांगितलं, "अगदी छान, बेटी. तुम्ही थंडीतून आलात, चहा घेतल्याशिवाय..." तिने मुखवटा परत जागेवर दाबून बसवला आणि त्यांना घेऊन गेली.

यावर मागे थांबला. त्याने शिडी लावली. गुडघा सुजून भोपळा झाला होता, दर पायरीला त्याच्या तोंडून 'आई गं' निघत होतं, पण तो चढला. टोपी उचलली. धुराड्याच्या तोंडात बोळा होता, घट्ट, नीटनेटका, सुतळीच्या चार गाठी मारलेला. ओढून काढल्यावर वरची काजळी झटकली तर आत लोकरीचं तपकिरी कापड दिसलं. बिनबाह्यांचं जाकीट होतं ते. पाठीवर विरलेलं, घालण्याजोगं राहिलेलंच नव्हतं.

संध्याकाळी तो ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दवाखान्यात घेऊन गेला. मास्तर उशीला टेकून बसले होते, पांढरे आणि थकलेले. यावरने पुडा त्यांच्या मांडीवर ठेवला. मास्तरांनी कागद उलगडला. बोटं सुतळीवरून फिरली.

"या तिच्याच गाठी," ते म्हणाले. "अशी गाठ दुसरं कुणी मारत नाही."

"सोडून देऊ का?"

"नको."

यावर पलंगाच्या कडेला बसला. हात पोटावर बांधलेले नव्हते. "मास्तर, सकाळी मी तुमचं ऐकलं ही माझी चूक. पुन्हा कुणाच्या शपथेने मी शिडी सोडणार नाही. पण तुम्हीही मला एकदा खरं सांगा. डोकं दुखत होतं की नाही?"

मास्तरांनी सवयीने हसायला तोंड उघडलं. मग ते बोळ्याकडे बघत राहिले आणि हसू तिथेच थांबलं.

"दुखत होतं," ते म्हणाले. "अकरा वाजल्यापासून दुखत होतं. वाटलं, तुला वाईट वाटेल."

"आणि बाकी? सकाळी विचारलं तेव्हा म्हणालात, अगदी छान."

"उन्हाळ्यापासून सगळ्यांना तेच सांगतोय." त्यांनी बोळा दोन्ही हातांनी छातीशी धरला, काजळी शर्टाला लागली. "छान नाही, यावर. एकही दिवस छान गेला नाही. मी तिच्याशी दोन दिवस भांडलो या चिंधीसाठी, आणि ती गप्प बसून राहिली. आता मी तिला कसं सांगू, की सापडलं म्हणून?"

यावरने मास्तरांचा काळा झालेला हात आपल्या हातात घेतला आणि नर्स भेटीची वेळ संपल्याचं सांगायला आली तरी तो उठला नाही.